अनवट पट्ट्या आणि गिटारच्या मोकळ्या तारा

पट्टी हा शब्द आपल्याकडे गाणाऱ्याच्या नावाला जोडून येतो. अमुक बाई काळी चारमध्ये गातात, तमुक बुवांची पट्टी काळी एक, असे रसिकही सहज बोलतात. तबलजी कार्यक्रमाला निघण्यापूर्वी कोण गाणार आहे हे विचारून घेतो आणि त्या पट्टीचा तबला पिशवीत घालतो. तानपुरे गाणाऱ्याच्या षड्जाला मिळवले जातात. पेटीवालाही त्याच षड्जावर बोट ठेवून बसतो. पट्टी ठरवण्याचा हक्क गळ्याचा, हे या मांडणीत गृहीतच असते.

भावगीतांच्या आणि चित्रपटगीतांच्या कार्यक्रमांत आता या मंडळींच्या शेजारी गिटारवादकही बसलेला दिसतो. त्याचे शिक्षण मात्र वेगळ्या नकाशावर झालेले असते. गिटारचे कोणतेही प्राथमिक पुस्तक उघडले, की सी, ए, जी, ई आणि डी या पाच कॉर्ड समोर येतात. आपल्या भाषेत सांगायचे तर पांढरी एक, सहा, पाच, तीन आणि दोन. पाचही पांढऱ्या. बारांतून या पाच वजा केल्या तर सात पट्ट्या उरतात: पांढरी चार, पांढरी सात आणि पाचही काळ्या. म्हणजे गिटारच्या पुस्तकात ज्या पट्ट्या आडवळणाच्या मानल्या जातात, त्यांतच आपल्याकडची निम्मी गाणी गायली जातात.

या सात पट्ट्यांत स्वरपंक्ती आणि गाणी घोटण्यासाठी गिटारवादकाने वेळ घालवावा का? एका पक्षाचे म्हणणे असे, की बाराही पट्ट्या हाताखाली नसतील तर वाद्य आले असे म्हणू नये. दुसरा पक्ष म्हणतो, की गिटारवर कॅपो लावता येतो, मग हा खटाटोप कशाला? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. निवाडा करण्याआधी एखादी पट्टी ‘अनवट’ कशामुळे ठरते ते पाहायला हवे.

अवघडपणा कुठे असतो?

तो स्वरांच्या गणितात नसतो. गिटारच्या मानेवरचे पडदे, म्हणजे फ्रेट, असे बसवलेले असतात की प्रत्येक पडद्यागणिक स्वर सारख्याच प्रमाणात चढतो. एकच पडदा सहाही तारांखालून आडवा जात असल्यामुळे पडद्यांच्या वाद्यांना समान अंतरांची गरज फार लवकर भासली. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे ल्यूटवादक होते. त्यांनी १५८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पडदे बसवण्यासाठी १८:१७ हे प्रमाण सुचवले. आजचे समान अर्धस्वराचे प्रमाण १.०५९५ आहे आणि १८ भागिले १७ म्हणजे १.०५८८. फरक नगण्य आहे. अशा वाद्यावर काळी एकचा बिलावल आणि पांढरी एकचा बिलावल यांतली सर्व अंतरे सारखीच असतात.

फरक पडतो तो वाद्याच्या देहामुळे आणि प्रत्येक वाद्याचा देह वेगळा असतो. व्हायोलिनच्या तारा पाश्चात्त्य पद्धतीत जी, डी, ए, ई अशा मिळवतात, म्हणून त्या पट्ट्या व्हायोलिनला मानवतात. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन बी फ्लॅटचे, तर आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा. त्यामुळे जॅझमधली असंख्य गाणी बी फ्लॅट, ई फ्लॅट आणि एफ या पट्ट्यांत रुळली आणि जॅझच्या गिटारवादकाला त्या शिकणे भागच पडले. आयर्व्हिंग बर्लिन हे अमेरिकेचे मोठे गीतकार-संगीतकार. ते पियानो वाजवत तो प्रामुख्याने एफ शार्पमध्ये, म्हणजे काळी तीनमध्ये, कारण त्यांची बोटे काळ्या पट्ट्यांवर रुळली होती. इतरांना सर्वांत सोपी वाटणारी पांढरी एक त्यांना अनवट होती.

गिटारच्या सहा तारा जाड ते बारीक अशा ई, ए, डी, जी, बी, ई या स्वरांत मिळवलेल्या असतात. न दाबता छेडलेल्या तारेला मोकळी तार म्हणतात. तिचा नाद भरदार असतो, तो लांबतो आणि तेवढा वेळ डावा हात दुसरीकडे जायला मोकळा राहतो. म्हणून एखाद्या पट्टीच्या सात शुद्ध स्वरांत सहांपैकी किती मोकळ्या तारा बसतात, हे मोजून पाहण्यासारखे आहे. पांढरी एक, दोन आणि पाच यांत सहाच्या सहा बसतात. पांढरी सहा आणि चार यांत पाच, पांढरी तीनमध्ये चार, पांढरी सात आणि काळी पाच यांत तीन, काळी दोनमध्ये दोन. काळी तीन आणि काळी चार यांत प्रत्येकी एक. काळी एकमध्ये एकही नाही.

नुसती संख्या पुरेशी नाही. पांढरी तीनमध्ये चारच तारा बसतात, तरी ती गिटारवादकाची लाडकी पट्टी आहे. कारण तिचे षड्ज, मध्यम आणि पंचम, म्हणजे ई, ए आणि बी, तिन्ही मोकळ्या तारांवर मिळतात. उलट पांढरी चारमध्ये पाच तारा बसूनही नवशिके एफच्या कॉर्डला घाबरतात, कारण तिथे हे तिन्ही आधारस्वर दाबूनच काढावे लागतात. पहिले बोट सगळ्या तारांवर आडवे टाकून, म्हणजे बारे धरून, कॉर्ड वाजवावी लागते. बोट दुखते आणि तार मुकी राहते.

गिटारचे अभिजात भांडार याच कलाने वाढले आहे. जुलियानीचा प्रसिद्ध पहिला कन्चेर्तो ए मेजरमध्ये आहे. रोद्रिगोच्या १९३९ सालच्या ‘कन्सिएर्तो दे अरानह्वेस’चा पहिला भाग डी मेजरमध्ये, तर दुसरा बी मायनरमध्ये. हा नियम मोडणारेही झाले. एकोणिसाव्या शतकात लुइजी लेन्यानी यांनी बाराही स्वरांच्या मेजर आणि मायनर पट्ट्या घेऊन गिटारसाठी ३६ कॅप्रिस लिहिल्या. बाखने १७२२ मध्ये कीबोर्डसाठी चोवीस पट्ट्यांचे प्रिल्यूड आणि फ्यूग सिद्ध केले होते. त्या धर्तीवर मारिओ कास्तेलनुओव्हो-तेदेस्को यांनी १९६२ मध्ये दोन गिटारांसाठी तसाच चोवीसांचा संच रचला. तेव्हा गिटारवर या पट्ट्या वाजवता येतात याबद्दल शंका नाही. फक्त वाद्य तिथे आपल्याला मदत करायला येत नाही.

काळी एकचे रहस्य

आता आपल्या संगीताच्या बाजूने पाहू. काळी एक ही पुरुषांची नेहमीची पट्टी आणि गिटारची सर्वांत उपरी. षड्ज काळी एकवर धरला तर गिटारच्या मोकळ्या तारा कोणते स्वर होतात? डी हा कोमल ऋषभ, ई कोमल गंधार, जी तीव्र मध्यम, ए कोमल धैवत आणि बी कोमल निषाद. एकही शुद्ध स्वर नाही. सप्तकातले पाचही विकृत स्वर मात्र एकेका तारेवर नेमके बसलेले आहेत.

त्यामुळे ‘ही पट्टी अवघड’ हे विधान अर्धवट ठरते. कोणत्या थाटासाठी अवघड, हेही विचारले पाहिजे. काळी एकमध्ये बिलावल वाजवताना सहाही तारा परक्या असतात. त्याच षड्जावर भैरवी सुरू करा. ऋषभ, गंधार, धैवत आणि निषाद हे चारही कोमल स्वर मोकळ्या तारांवर मिळतात आणि सहांपैकी पाच तारा आपल्याशा होतात. तोडीचे स्वर घेतले तर बी सोडून बाकीच्या पाच तारा चालतात. कोमल गंधार किती उतरलेला हवा हे पडदा ठरवू देत नाही, ही तोडीतली अडचण वेगळी. स्वरस्थानांची सोय मात्र आहे.

कारण शोधायला दूर जावे लागत नाही. काळी एकच्या भैरवीचे सात स्वर आणि पांढरी सहाच्या बिलावलाचे सात स्वर एकच आहेत, षड्ज तेवढा हलला आहे. आपण याला मूर्च्छना म्हणतो. जसरंगी जुगलबंदीत पुरुषाचा मध्यम हा स्त्रीचा षड्ज होतो आणि एकाच स्वरसमूहातून दोघे दोन राग गातात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. याच हिशेबाने काळी चारची भैरवी म्हणजे पांढरी तीनचे सात स्वर. काळी चारमध्ये गाणारी गायिका मैफलीच्या शेवटी भैरवीला येते, तेव्हा गिटारवादक स्वरांच्या दृष्टीने आपल्या घरीच आलेला असतो. पण हे त्याला कळणार कधी? षड्ज काळी चारवर धरून त्याने कधी काही वाजवले असेल तर.

स्पेनमधल्या फ्लामेन्को वादकांना ही गंमत चांगली ठाऊक आहे. तिथल्या खाणींच्या मुलखातून आलेल्या गानप्रकारांपैकी तरांता एफ शार्पवर, म्हणजे काळी तीनवर वाजते आणि मिनेरा जी शार्पवर, म्हणजे काळी चारवर. दोन्हींच्या स्वरांचा कल आपल्या भैरवीकडे आहे. तरांताच्या मूळ कॉर्डमध्ये वादक जी, बी आणि ई या तारा मुद्दाम मोकळ्या ठेवतात. त्या तिथे कोमल ऋषभ, मध्यम आणि कोमल निषाद होतात, षड्जाशी घासत राहतात आणि त्या घर्षणातून या प्रकाराचा काळवंडलेला रंग तयार होतो. दुसऱ्या पट्टीतल्या सोप्या कॉर्डमधून तो येत नाही. गैरसोयीची पट्टी निवडल्यामुळेच तो सापडला.

पळवाटा आणि त्यांची किंमत

अनवट पट्टी टाळायचे मार्ग जुने आहेत आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. बर्लिन यांनी दांडा सरकवला की स्वर बदलणारा पियानो वापरला. तसा त्यांचा एक पियानो अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपली स्केलचेंजर पेटी हा त्याच घराण्यातला उपाय: बोटे ओळखीच्या जागी ठेवायची आणि पट्ट्यांचा सांगाडा सरकवायचा. जिमी हेंड्रिक्स आणि स्टीव्ही रे व्हॉन पुष्कळदा सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवून वाजवत. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मधले ब्रिजभूषण काबरा किंवा मोहनवीणेचे विश्वमोहन भट यांच्यासारखे रागसंगीताचे वादक तर वाद्य आपल्या षड्जालाच मिळवून घेतात. त्यांना अकरा पट्ट्यांची गरज नाही, कारण मैफल त्यांची असते. हा मार्ग साथीदाराला मोकळा नाही.

साथीच्या गिटारवादकाचा उपाय म्हणजे कॅपो, तारांवर आडवा बसणारा चिमटा. त्याची करामत मान्य करायलाच हवी. तो पहिल्या पडद्यावर लावला, की सी, ए, जी, ई, डी या आकृत्यांतून अनुक्रमे काळी एक, काळी पाच, काळी चार, पांढरी चार आणि काळी दोन वाजतात. एका चिमट्याने चार काळ्या पट्ट्या हातात आल्या. काळी तीनसाठी ई आकृती दुसऱ्या पडद्यावर आणि पांढरी सातसाठी ए आकृती, तीही दुसऱ्याच पडद्यावर. फ्लामेन्कोचे थोर वादकही गाणाऱ्याच्या गळ्यानुसार कॅपो सरकवतात. तिथेही पट्टी गाणाऱ्याचीच.

मग अडते कुठे? पहिली अडचण गाण्याच्या मध्यावर येते. कडव्यात षड्ज बदलला किंवा युगुलगीतात गायिकेच्या ओळीनंतर गायकाची ओळ दुसऱ्या पट्टीत आली, तर कॅपो हलवायला वेळ नसतो. दुसरी अडचण खर्जाची. पाचव्या-सहाव्या पडद्यावर कॅपो गेला, की खालचे सगळे स्वर बंद होतात आणि गिटार पातळ वाजू लागते. तिसरी अडचण लिहिलेल्या स्वरांची. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशा गोमंतकीय संगीतकारांनी स्टाफ नोटेशनची शिस्त रुजवली. समोरच्या कागदावर गायकाच्या पट्टीतले स्वर लिहिलेले असताना ‘मी माझ्या आकृतीतून वाजवतो’ असे म्हणणाऱ्याला प्रत्येक स्वर मनातल्या मनात उलथवत बसावे लागते.

चौथी अडचण सर्वांत खोल आहे. कॅपो लावलेला वादक काळी चारच्या षड्जाला मनात ‘जी’ म्हणत असतो. पेटीवाल्याने ‘इथे काळी एक येते’ असे सांगितले, तर त्याला ते भाषांतर करून घ्यावे लागते. त्याचे ज्ञान आकृतींचे आहे आणि शेजारचे सगळे स्वरांविषयी बोलत आहेत.

आकृती सरकते, मग सराव कशाला?

विरोधी पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा हा आहे. पेटीवर पट्टी बदलली की काळ्या-पांढऱ्यांची रचना बदलते आणि बोटांना नवी वाट शिकावी लागते. गिटारवर तसे होत नाही. मोकळ्या तारा टाळल्या, तर पांढरी एकची आकृती एक पडदा वर सरकवली की काळी एक झाली. मग बारा वेळा तेच का घोटायचे?

यात तथ्य आहे, म्हणून बारा पट्ट्यांत तीच स्वरपंक्ती यंत्रासारखी घासण्यात फारसा लाभ नाही. पण आकृती सरकली तरी हात तसाच राहत नाही. सुमारे ६५ सेंटिमीटर तारेच्या गिटारवर पहिला पडदा साडेतीन सेंटिमीटरहून थोडा पुढे असतो, तर बाराव्या आणि तेराव्या पडद्यांमधले अंतर पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास भरते. बोटांचा ताण निम्म्यावर येतो. शिवाय बाकीच्या शेजारच्या तारांत मध्यमाचे अंतर असते, जी आणि बी यांच्यात तेवढे शुद्ध गंधाराचे. त्यामुळे त्या जोडीवरून जाताना आकृती मोडते. आणि मुख्य म्हणजे सरकणाऱ्या आकृतीत मोकळ्या तारांना जागाच नसते. काळी एकच्या भैरवीत ए आणि ई मोकळ्या वाजवता येतात, हे आकृती कधी सांगणार नाही.

थोडक्यात, अनवट पट्टीच्या सरावातून कमवायची आहे ती ओळख. मानेवर प्रत्येक स्वर कुठे आहे आणि समोरच्या षड्जाशी त्याचे नाते काय, या दोन गोष्टी एकाच वेळी दिसू लागणे. बोटांचा वेग त्यापुढे दुय्यम आहे.

काय आणि किती घोटावे?

पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्याला या वाटेने नेऊ नये. त्याला मोकळ्या कॉर्ड, ताल आणि तार स्वच्छ वाजवणे यांतच पुरेसे काम असते. बारे धरता येऊ लागला, की मग सुरुवात करावी आणि ती गाण्याने करावी. तोंडपाठ असलेली एखादी साधी चाल घ्यावी. ती सरगममध्ये म्हणता आली पाहिजे, कारण पट्टी बदलली तरी सरगम बदलत नाही. सारेगमच्या भाषेत वाढलेल्या विद्यार्थ्याला हा लाभ फुकटात मिळालेला आहे. चाल आधी एकाच तारेवर वाजवावी, म्हणजे आकृतीचा आधार सुटतो आणि कान कामाला लागतो. मग ती मानेच्या एका भागात बसवावी आणि शेवटी षड्ज, मध्यम आणि पंचमाच्या कॉर्ड जोडाव्यात. काळी एकमध्ये या कॉर्ड काळी एक, काळी तीन आणि काळी चार यांच्या होतात. पाचपैकी तीन काळ्या एका गाण्यात ओळखीच्या झाल्या.

क्रम पंचमाने लावावा. एका पट्टीच्या पंचमाला नवा षड्ज मानले, की सातांपैकी एकच स्वर बदलतो: जुना मध्यम तीव्र होतो आणि तोच नवा निषाद ठरतो. ओळखीच्या पांढरी तीनवरून निघाले तर वाट अशी जाते: पांढरी सात, काळी तीन, काळी एक, काळी चार, काळी दोन, काळी पाच, पांढरी चार. सातही अनवट पट्ट्या एका ओळीत येतात आणि प्रत्येक पायरीवर शिकायचा स्वर एकच. एका पट्टीला पंधरा दिवस दिले तरी साडेतीन महिन्यांत फेरी पूर्ण होते. ज्याला एवढा वेळ नाही, त्याने निदान काळी एक आणि काळी चार या दोन पट्ट्या आपल्याशा कराव्यात. कॅपो खुशाल खिशात ठेवावा. जिथे मोकळ्या तारांचा नाद हवा तिथे तो लावावा. लावण्याचे कारण नादाचे असावे, नाइलाजाचे असू नये.

जॅझमध्ये हा सराव एका टोकाला गेलेला दिसतो. जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘जायंट स्टेप्स’ची रचना बी, जी आणि ई फ्लॅट या तीन पट्ट्यांतून भरधाव फिरते. तिथे थांबून विचार करायला सवडच नसते. आपल्या साथीदाराला असे प्रसंग क्वचित येतील. त्याच्यापुढचा रोजचा प्रसंग साधा आहे आणि तरीही महत्त्वाचा आहे.

संमेलनाच्या तालमीत एखादी मुलगी काळी चारमध्ये गाणे धरते आणि गिटारवादक तिला पांढरी पाच किंवा पांढरी सहामध्ये गायला सांगतो. फरक अर्ध्या स्वराचा आहे, असे कोणी म्हणेल. पण तो अर्धा स्वर वर गेला तर तार गंधारावरच्या ठेहरावात तिचा आवाज ताणतो आणि खाली आला तर खर्जातला पंचम विरून जातो. तबलजीला वाद्य पुन्हा मिळवावे लागते किंवा बदलावे लागते. नवखी गायिका बहुधा काही बोलत नाही. आपलाच गळा कमी पडला असे ती समजते. एका माणसाच्या न केलेल्या सरावाची किंमत दुसऱ्याच माणसाच्या आवाजाने चुकती होते. पेटीवाल्यांनी आणि तबलजींनी ही किंमत गाणाऱ्याकडून कधी वसूल केली नाही. पेटीवाला सर्व पट्ट्या शिकला किंवा त्याने स्केलचेंजर आणली, तबलजीने चार तबले बाळगले. या बैठकीत गिटार उशिरा आली आहे. आता ती मांडी ठोकून बसलीच आहे, तर कोणती पट्टी हे तिनेही गाणाऱ्याला विचारावे आणि उत्तर येईल ते वाजवावे.